विहीणबाईंचा गुडघा

शालूताईंनी चहाचा कप खाली ठेवला, हुश्श करून एक पाय सोफ्यावर घेतला आणि पातळ सारखं करायला गेल्या, तेवढ्यात मुक्ताबाईंना ती पट्टी दिसली. निळी. शाळेच्या गणवेशाचा असतो तसला ठाम निळा रंग. गुडघ्याच्या वाटीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन ती मांडीवर चढली होती, आणि तिची टोकं कुणीतरी कात्रीने निगुतीने गोल कापली होती. मुक्ताबाईंचं बिस्किट चहात बुडालेलंच राहिलं आणि तुटून तळाशी गेलं. "काय झालं हो पायाला?" त्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणी कळलं की विचारायला नको होतं, कारण शालूताई याच प्रश्नाची वाट बघत बसल्या होत्या. "काही नाही हो, वयाचं दुखणं. गादी झिजलीय म्हणे आतली. पण नंदिनी सोडते का? दर शनिवारी क्लिनिकमधून सुटली की येते आणि पट्टी लावून जाते. मी म्हणते, अगं दमून आलीस, जरा बस तरी. तर म्हणते, मम्मी, गप गुडघा पुढे कर." एवढं बोलून शालूताईंनी पट्टीवरून असा हात फिरवला की जणू नातवंडच मांडीवर झोपलंय. मुक्ताबाईंनी 'बरं झालं हो' म्हटलं, हिंगणघाटहून आलेल्या कुरडयांची पिशवी त्यांच्या हवाली केली आणि तळाशी गेलेल्या बिस्किटासकट चहा संपवला.

मुक्ताबाईंचे गुडघे दुखायचे ते दुखत होतेच, आता पोटातही दुखायला लागलं. बिबवेवाडीतून आंबेगावला परतताना रिक्षा ज्या ज्या खड्ड्यातून गेली तो तो खड्डा मुक्ताबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी मोजून घेतला, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. दर शनिवारी. म्हणजे शनिवारी सून उशिरा यायची, आणि आपण 'बिचारी, फिजिओथेरपीचे पेशंट फार असतील' म्हणून भाजी पुन्हा गरम करत बसायचो, तेव्हा ती बिबवेवाडीत आईच्या पुढ्यात बसून निळ्या पट्ट्या कापत होती. मुक्ताबाई स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. हा मत्सर आहे हे त्यांनी कात्रजच्या चौकातच ओळखलं, आणि ओळखून तो काही कमी झाला नाही. बरं, मत्सर तरी कशाचा? विहिणीच्या बंगल्याचा नाही, तिच्या गुंठ्यांचा नाही. बिबवेवाडी शेतांची होती तेव्हापासूनची ती माणसं, त्यांच्याकडे काय काय असायचंच. मत्सर वीतभर कापडी पट्टीचा. शिवाय शालूताईंचा एकच गुडघा गेलेला, आपले दोन्ही. आपल्या फोटोत तर डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवलं होतं, हाडाला हाड कसं लागलंय ते. दुखण्यात तरी आपण विहिणीच्या वरचढ आहोत, याचं त्यांना क्षणभर समाधान वाटलं आणि लगेच त्या समाधानाचा राग आला.

लिफ्टमधून वर येताना त्यांना ती दुपार आठवली. मुलाचं, शुभंकरचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. राजनंदिनी, शालूताईंची नंदिनी, रविवारची घरी होती, केस धुऊन पंचा गुंडाळलेली, आणि मुक्ताबाई दिवाणावर बसून शेंगा सोलत होत्या. उठताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. राजनंदिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई, तुम्हाला टेप लावून देऊ का गुडघ्याला? गादी काही परत येणार नाही त्याने, पण दुखणं कमी होतं. जिना चढायला हलकं वाटतं." मुक्ताबाईंना इतकं बरं वाटलं होतं की शेंगांची परात त्यांनी लगेच बाजूला सारली. आणि म्हणाल्या होत्या, "नको गं माय. दिवसभर तू लोकांचे गुडघे धरून राहते, घरी आल्यावर पुन्हा माझे कुठे?" म्हणाल्या आणि पाय लांब केला. अगदी दिवाणाच्या कडेपर्यंत. राजनंदिनी म्हणाली, "बरं." आणि आत गेली. मुक्ताबाईंनी वाट बघितली. मिक्सर सुरू झाला. मग त्यांनी लांब केलेला पाय पुन्हा जवळ घेतला आणि परात ओढली.

आता यात चूक कुणाची? मुक्ताबाईंच्या गावाकडे पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस हावरट समजला जातो. पंगतीत ताटावर आडवा हात धरायचा, वाढणारीने 'घ्या ना जी' म्हणायचं, आपण मान हलवायची, तिने तूप बोटांवरच ओतायचं, आणि मग ती बोटं चाटत 'कशाला वाढलं इतकं' म्हणून रागवायचं. हा सगळा मिळून एक घास असतो. त्यांच्या सासूबाई तर यात पारंगत. दुपारची निजानीज झाली की मुक्ताबाई तेलाची वाटी घेऊन जायच्या. सासूबाई डोळे मिटलेल्या. "राहू दे माय, तू थकली असशील," असं म्हणत म्हणत एक पाय चादरीच्या बाहेर यायचा. दुसऱ्यांदा "राहू दे" म्हणेपर्यंत दुसरा. तेव्हा नवी सून असलेल्या मुक्ताबाईंनाही ते शिकवावं लागलं नव्हतं. तोंडाकडे बघायचंच नाही, पायाकडे बघायचं. मालिश करता करता सासूबाई घोरायला लागायच्या, आणि आपण उठू लागलो की घोरणं थांबायचं. मुक्ताबाईंना त्यांचा कंटाळा यायचा, कधी कधी त्या वाटीतलं तेल डोक्यावर ओतावं असंही वाटायचं, पण त्या पिंढऱ्यांचा ऊबदारपणा अजून त्यांच्या तळहातांना ठाऊक होता. आपल्याही पायांची पाळी येईल, हे त्यांनी मनात कुठेतरी धरून ठेवलं होतं. पाळी आली तेव्हा घर पुण्यात होतं, आणि पुण्याची सून तोंडाकडे बघत होती.

मुक्ताबाईंचे यजमान वैजनाथराव असते तर हसले असते. बाजार समितीच्या कामाला ते एकदा पुण्यात आले होते, कुणाच्या तरी घरी गेले, त्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, सरबत करू का. हे म्हणाले, नको. "आणि मुक्ता, ती बाई 'बरं' म्हणून खरंच गेली की आत, आणि येऊन पंखा बंद केला," हे ते मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत. मुक्ताबाईही हसायच्या. तो आता विनोद राहिला नव्हता.

त्या आठवड्यात त्या सुनेच्या हातांकडे बघू लागल्या. आजवर त्यांनी ते हात नीट पाहिलेच नव्हते. अंगठे रुंद, नखं बारीक कापलेली, मनगटात ताकद. कणीक मळताना ती सगळ्या अंगाने मळायची. बरणीचं झाकण शुभंकरला उघडता आलं नाही तर तिच्याकडे यायचं. या हातांखालून दिवसभरात किती परक्या बायका जात असतील, कुणाची पाठ, कुणाचा खांदा. त्या बायकांचाही मुक्ताबाईंना हेवा वाटला. सगळ्या गावाला उजेड आणि दिव्याखाली अंधार. बोलताना राजनंदिनी त्यांना 'अहो आई' म्हणायची, तुम्ही-आम्ही करायची, कधी आवाज चढवायची नाही. याचंच मुक्ताबाई फोनवर हिंगणघाटला कौतुक सांगत असत. आता त्यांना ते 'तुम्ही' बोचायला लागलं. 'गप गुडघा पुढे कर' असं कुणी आपल्याला किती वर्षांत म्हटलं नाही! शालूताईंचं काय, मम्मी. तू. गप. पुढे कर. आपलं म्हणजे अर्ज करा, विचार होईल. जेवताना राजनंदिनीने विचारलं, "आई, भात वाढू?" आणि मुक्ताबाई हट्टाने "नको" म्हणाल्या आणि अर्धपोटीच उठल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सरळ सांगायचं, माझेही गुडघे दुखतात, मलाही लाव. त्याला काय लागतं? पण जिभेवर ते वाक्य येईना. मागून घेतलेल्या मायेला चव नसते, असं त्यांचं मत. शिवाय मागितलं आणि ती 'बरं' म्हणाली, त्याच कोरड्या सुरात, तर काय करायचं? मंगळवारी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी चपला घातल्या आणि चौकातल्या दुकानांच्या वर जे नवं क्लिनिक झालं होतं ते गाठलं. जिना चढताना कठडा धरून दोनदा थांबल्या. आपण काहीतरी वाईट करायला चाललोय असं त्यांना वाटत होतं. नवऱ्याच्या माघारी सिनेमाला गेल्यावर वाटावं तसं.

तिथली मुलगी तेजस्विनी नावाची, पोरसवदा, चटपटीत. तिने ओल्या बोळ्याने गुडघे पुसून काढले. "आजी, तेल लावलंय का सकाळी? तेलावर टेप टिकत नाही हं." परक्याकडे पाय दाखवायचे म्हणून मुक्ताबाईंनी मुद्दाम तेल लावून पाय तुकतुकीत केले होते. त्या ओशाळल्या. मुलीने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, गुडघा वाकवून घेतला आणि विचारलं, "रंग कुठला? आमच्याकडे काळा, निळा, गुलाबी..." "निळा सोडून कोणताही," मुक्ताबाई म्हणाल्या. गुलाबी आला. तिने पट्टी मध्ये जराशी ताणली, वाटीच्या कडेकडेने बसवली, टोकं न ताणता तशीच सोडली आणि तळव्याने घासघासून गरम केली. "आवळून नसते बांधायची ही. कातडीला जरा उचलून धरते, बस." मुक्ताबाईंनी डोळे मिटले. हात चांगला होता, पण त्या हाताचं लक्ष दुसऱ्या खोलीतल्या पेशंटकडे होतं. दुसराही गुडघा झाल्यावर मुलीने विचारलं, "घरी कोणी आहे का लावून द्यायला? त्यांना शिकवून ठेवते, म्हणजे तुम्हाला जिना नको." मुक्ताबाई म्हणाल्या, "कोणी नाही." बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच कीव आली, आणि त्यात थोडं सुखही वाटलं. "दोन-तीन दिवस राहू द्या. खाज सुटली तर लगेच काढायची, वाट नाही बघायची," मुलीने बजावलं.

जिना उतरताना खरंच हलकं वाटलं. पण हलकं वाटण्यासाठी त्या गेल्याच नव्हत्या. त्यांना ती पट्टी दिसायला हवी होती. बुधवारी सकाळी राजनंदिनी डबा भरत होती, तेव्हा मुक्ताबाईंनी तिच्यासमोर खुर्चीत बसून पातळ पोटरीच्या वर घेतलं, कारण नसताना. राजनंदिनी म्हणाली, "उकडतंय ना आज," आणि पंखा वाढवला. संध्याकाळी त्यांनी तिच्या देखत स्टुलावर पाय ठेवून नखं कापली. ती मोबाईलवर उद्याच्या वेळा बघत होती. शुभंकरने गुलाबी टोक पाहिलं, "आई, काय गं हे?" म्हणाला, आणि उत्तर येण्याआधी त्याच्या ऑफिसचा कॉल आला. बुधवारी रात्री खाज सुटली होती. गुरुवारी ती वाढली. पट्टीच्या कडेने बारीक पुरळ उठलं, खाली गरम वाटू लागलं, देवपूजेत लक्ष लागेना. काढून टाकावी? पण काढली तर हे सगळं वायाच गेलं की. तिने बघावं, तिला लागावं, 'कोणी लावली?' असं तिने विचारावं, आणि आपण अगदी सहज 'त्या चौकातल्या मुलीने' म्हणावं, यासाठी तर सारा खटाटोप. दुसरीच्या नवऱ्याने आणलेली साडी बघून आपणच आपल्याला साडी घ्यावी आणि घडी मोडायला कुणी येऊच नये, तसं झालं. मुक्ताबाईंनी दातावर दात आवळले आणि पट्टी राहू दिली.

शुक्रवारी राजनंदिनी लवकर आली. मुक्ताबाई दिवाणावर एकट्याच होत्या, आणि कंगव्याच्या दांड्याने पातळावरून गुडघा खाजवत होत्या, इतक्या जोरात की दार उघडल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. "आई, काय झालं?" "कुठे काय." "दाखवा." "काही नाही होऊन राहिलं मला." "आई, दाखवा बघू." हा आवाज घरातला नव्हता. हा क्लिनिकमधला आवाज असणार, आणि त्याला नाही म्हणायची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. मुक्ताबाईंनी पातळ वर घेतलं.

राजनंदिनी खाली फरशीवर बसली. पर्स अजून तिच्या खांद्यालाच होती. तिने पट्टीची कड नखाने किंचित उचलून पाहिली, आणि काही न बोलता आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आली. कडेने तेल सोडलं, थोडं थांबली, मग एका हाताने कातडी खाली दाबत दुसऱ्या हाताने पट्टी पायावरच्या लवेच्या दिशेने गुंडाळत गेली. तिचा अंगठा गुडघ्याच्या वाटीवरून गेला तेव्हा मुक्ताबाईंना सासूबाईंच्या घोरण्याचा अर्थ कळला. खालची कातडी लालबुंद झाली होती.

"लावलीय चांगली," राजनंदिनी म्हणाली. "तुमच्या कातडीला सोसली नाही. किती दिवस ठेवलीत?" मुक्ताबाईंनी कंगवा पातळाखाली सरकवला. "खाज आली की काढा असं सांगितलं नव्हतं का तिने?" "सांगितलं होतं." "मग?" राजनंदिनीने कातडीवर राहिलेला चिकटा तेलाने पुसायला घेतला. मग मान वर न करता म्हणाली, "घरात मी असताना बाहेर गेलात."

"तू कुठे विचारलं."

"विचारलं होतं की. तुम्ही नको म्हणालात."

"म्हणणारच ना नको!" मुक्ताबाईंचा आवाज एकदम फुटला. "लगेच हो म्हणतात का कोणी? एकदा विचारलं आणि गेली मिक्सर लावायला. माणसाने दोनदा विचारावं, तीनदा विचारावं. आमच्याकडे तर पाय धरून ओढतात."

राजनंदिनीचे हात थांबले. ती खरंच चकित झाली होती. "अहो, मला वाटलं तुम्हाला आवडत नाही. लोकांचे गुडघे धरते म्हणालात ना, मला वाटलं, किळस येते माझ्या कामाची. म्हणून पुन्हा विषयच नाही काढला." ती पुन्हा पुसू लागली. "पेशंट विचारतात मला, तुमच्या सासूबाईंना लावता का म्हणून. मी हो म्हणते."

हे ऐकून मुक्ताबाईंना रडू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते अडवायला त्यांच्यापाशी आता ताकद नव्हती.

"आणि तुझ्या मम्मीला बरी दर शनिवारी लावते."

राजनंदिनीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट वर पाहिलं. मुक्ताबाईंनी डोळे वळवले नाहीत. आता सांगितलंच आहे तर सगळंच सांगून टाकावं, असं त्यांना झालं होतं. बाहेर सोसायटीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"तुम्हालाही लावते," राजनंदिनी म्हणाली. "पण आज नाही. आधी छोटा तुकडा लावून बघू सोसतो का. कातडी बरी व्हायला आठवडा तरी जाईल."

"मग तिनेही थांबावं."

"काय?"

"मले आधी," मुक्ताबाई म्हणाल्या. पुण्यात आल्यापासून जपून ठेवलेली जीभ सुटली होती. "मले आधी लाव. तुझ्या मम्मीच्या आधी."

राजनंदिनी हसेल असं त्यांना वाटलं, किंवा चिडेल. ती दोन्हीपैकी काही करेना. तिने दिवाणावरच्या पंच्याला हात पुसले. "तसंही तिच्या कातडीला एखादा आठवडा मोकळं ठेवायला हवंच," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, आणि पर्समधून फोन काढला. हात अजून तेलकटच म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून दिवाणावर ठेवला. "मम्मी, उद्या नाही गं येत मी. टेप पुढच्या खेपेला लावू. चालेल ना? का येऊन जाऊ?"

"नको गं, नको," शालूताईंचा आवाज आला. "मला काय धाड भरलीय? उगाच दमतेस तू. राहू दे, खरंच राहू दे."

"बरं," राजनंदिनी म्हणाली आणि फोन बंद केला.

तो 'राहू दे' कसला होता ते मुक्ताबाईंना पहिल्या अक्षरालाच कळलं. त्या आवाजातला लांब केलेला पाय त्यांना दिसला. अगं, पुन्हा एकदा विचार तिला, असं सुनेला सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. राजनंदिनी त्यांच्याकडेच बघत होती, हातात तेलाची बाटली घेऊन.

मुक्ताबाईंनी तोंड मिटलं आणि दुसराही पाय पुढे केला.